फाटकात उभी राहिलेली शिडी

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. दोन्ही अंगांना पायऱ्या असलेली, रंगारी जिला घोडी म्हणतात तशी. पोर्तुगालमधल्या मोंशीकच्या डोंगरातलं चेस्टनटचं लाकूड आणून बागकाम करणाऱ्या बेल्मीरो मेस्त्रींनी मला स्वतःच्या हातानं घडवलं. तावीरा गावाच्या आसपासच्या बागांची कितीतरी उंच कुंपणं माझ्यावर उभं राहून कापली गेली. मेस्त्री दर हिवाळ्यात मला जवसाचं तेल चोळायचे. पुढे ॲल्युमिनियमच्या हलक्या शिड्या आल्या आणि मी शेडच्या भिंतीला टेकले. मेस्त्री ज्यांच्याकडे काम करायचे त्या बागकामाच्या धंद्याच्या मालकीणबाई, दोना ग्रासा, मला ‘म्हातारी’ म्हणू लागल्या.

त्या वसंतात बाईंना समुद्राकाठच्या एका हॉटेलची बाग मिळाली. माणसं कमी पडली, तेव्हा सिल्वियू नावाच्या ठेकेदारानं मोल्दोव्हा देशातली सहा माणसं आणून दिली. तो स्वतःही तिकडचाच. सकाळी तो त्यांना व्हॅनमधून उतरवायचा, दिवसभर सावलीत बसून पाहायचा, संध्याकाळी पुन्हा गाडीत भरायचा. शिड्या पुरेनात म्हणून मलाही बाहेर काढलं.

माझ्यावर अनातोल चढला. त्याचं डावं मनगट सुजून निळं पडलं होतं. मित्रांनो, चढणाऱ्याचे तळवे शिडीला कळतात. त्याचे पाय थरथरत होते, पण उंचीला भिऊन नव्हे. सिल्वियू जवळून गेला की थरथर वाढायची.

मला खालून धरून मेस्त्रींनी विचारलं, “मनगटाला काय झालं रे?”

“पडला तो,” सिल्वियूच बोलला. “त्याला भाषा येत नाही. काय हवं ते मला विचारा.”

“मी त्याला विचारलं. तोंड त्यालाही आहे की.”

“लाजाळू आहे हो.”

दुपारी सहाजणांत दोन पाव आले. मेस्त्रींनी आपला सार्डिन माशांचा डबा पुढे केला. कुणी हात लावेना. सगळे सिल्वियूकडे बघत राहिले.

संध्याकाळी मेस्त्रींनी मला शेडमध्ये आणून ठेवलं आणि तिथंच ते बाईंशी बोलले. “बाई, ही माणसं मोकळी नाहीत.”

“मेस्त्री, मी माणसं मागितली, त्यानं आणली. हॉटेल उघडायला आलंय. आता हे नका काढू.”

“भुकेला माणूस समोरचं खायला परवानगी मागताना कधी पाहिलात?”

बाई शेडचं दार ओढून घेऊन निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनातोल माझ्यावर चढून कुंपण कापत होता, तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, “ही रेघ वाकडी चाललीय. थांब, मीच दाखवते.” गुडघा दुखत असताना त्या माझ्या दुसऱ्या बाजूनं चढल्या. वर, सुरूच्या कुंपणाशी, दोघं समोरासमोर आले.

“कात्री थांबवू नकोस,” बाई पुटपुटल्या. “मी बोलते ते कळतं?”

“थोडं.”

“झोपता त्या खोलीला कुलूप कुठल्या बाजूनं असतं?”

कात्री चालत राहिली. फांद्या माझ्या पायरीवर पडत राहिल्या.

“बाहेरून,” अनातोल म्हणाला.

“घरी फोन करतोस?”

“फोन त्याच्याकडे. माझी बहीण कुठं राहते, तेही त्याला माहीत आहे.”

“मी पोलिसांना बोलावू? तुझ्या होकाराशिवाय नाही बोलावणार.”

“वर कसल्या गप्पा, बाई?” खालून सिल्वियूनं विचारलं.

“तुझ्या माणसाला सरळ रेघ शिकवतेय. वाकडं कुंपण हॉटेलवाले माझ्याच माथी मारतील.”

अनातोलनं खाली काम करणाऱ्या साथीदारांकडे वळून पाहिलं, तशी माझी बिजागरी करकरली. अखेर तो म्हणाला, “बोलवा. पण सगळ्यांना सोडवा. मला एकट्याला नको.”

बाई सावकाश उतरल्या आणि रोपांच्या काचघरामागे गेल्या. त्यांनी फोन केला, पण सिल्वियूला काहीतरी सुगावा लागलाच. “आजचं काम संपलं,” म्हणत त्यानं सहाहीजणांना व्हॅनमध्ये बसवलं.

पोलीस अजून वाटेत होते. मेस्त्रींनी मला उचललं, हॉटेलच्या फाटकाच्या बरोब्बर मधोमध उघडून उभं केलं आणि चढून कमानीवरची बोगनवेल कापायला लागले.

“ए म्हाताऱ्या, बाजूला हो.”

“फांदी लोंबतेय बाबा. तुझ्याच गाडीचा पत्रा ओरबाडेल.”

व्हॅन हळूहळू पुढे सरकली. तिचा लोखंडी दांडा माझ्या पायाला टेकला. मेस्त्रींची कात्री थांबली नाही. माझा एक पाय कडकन तडकला. बाई धावत आल्या आणि त्यांनी माझा दुसरा पाय धरला.

“घाल गाडी,” त्या सिल्वियूला म्हणाल्या.

तेवढ्यात व्हॅनचं बाजूचं दार सरकलं. अनातोल उतरला. सिल्वियू आतून त्याला काहीतरी दरडावत होता, तरी तो मागे न बघता आला आणि धडधाकट हातानं त्यानं माझा तडकलेला पाय धरला. मग दुसरा उतरला, तिसरा उतरला. शेवटी गाडीत सिल्वियू एकटाच उरला. तो कुंपणातून पळाला आणि मिठागराच्या रस्त्यावर पोलिसांना सापडला.

हॉटेलचं काम बाईंच्या हातून गेलं. आता त्या कुणालाही कामावर घेण्याआधी त्याच्याशी एकट्याशी बोलतात आणि तो राहतो ती जागा स्वतः जाऊन पाहतात. अनातोल बहिणीला धोका नाही असं कळल्यावर इथंच राहिला. चौघं घरी परतले. सहावा नंतर कुठं गेला, पत्ता नाही. मेस्त्री अजून त्याच्याबद्दल विचारत असतात.

माझ्या पायाला लोखंडी पट्टी आहे. माझ्यावर आता कुणी चढत नाही, कुंड्या ठेवतात. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, एवढंच एरवी मी मागितलं असतं. पण तुम्ही एखाद्याला काही विचारलंत आणि उत्तर दुसऱ्यानंच दिलं, तर तिथून निघून जाऊ नका. आरडाओरडा करून त्या गप्प बसवलेल्या माणसाला आणखी संकटात टाकू नका. भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगा. संधी मिळाली तर ज्याला विचारलं होतं त्यालाच पुन्हा, हळू आवाजात विचारा. आणि थांबा. भ्यालेल्या माणसाच्या तोंडून शब्द यायला वेळ लागतो.