नानाचा चहा

जुन्नरच्या एसटी स्टँडसमोर आमचं चहाचं हाटेल हाय. स्टोपाशी बायको कलावती, गल्ल्यावर मी. पण तिचं मन रमतं दुसऱ्याच हाटेलात. वाचनालयातनं ती रहस्यकथा आणते, अन् त्या सगळ्या नाना नावाच्या चहावाल्याच्या. गावात कुणाचा हार चोरीला गेला की नाना चहा पाजता पाजता चोर हुडकतो. तिथं ना दूध नासतं, ना स्टो भडकतो. खून झाला तरी रगत सांडत न्हाई. अन् शेवटी समदी बाकड्यावर बसून हसत चहा पितात.

"मीबी जन्मभर चहाच विकतोय की," मी म्हणायचो. ती नुसतं पान उलटायची.

मधी गिऱ्हाईक आमचा चहा लई वाखाणायला लागलं. लेण्याद्रीहून आलेलं पावणंबी दुसरा कप मागायचं. "सोपानभाऊ, काय चव हाय राव!" मी छाती फुगवून बसायचो. मग एकदा पातेल्यात गवती चहाची पात दिसली.

"हे कुणाचं डोकं?"

"नानाचं. पात टाकून तो वर झाकण ठेवतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे इतके दिवस मी त्या मेल्याचं कौतुक झेलत व्हतो!

"एवढा शाना हाय, तर त्याला बायको हाय का?" मी खेकसलो.

"न्हाई," आधणात पात टाकत कलावती म्हणाली. "म्हणून तर चहा तो सोता करतो."