एकही पायरी नसलेलं घर

मोजणीसाहेबांनी परदेशात घेतलेल्या जमिनीवर त्यांच्याआधी मासे राहायला आले. पण हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजू. मोजणीसाहेबही तसंच समजतात, आणि वयाने मोठ्या माणसाचा मान राखलेला बरा.

तर, काहीही झालेलं नाही. मोजणीसाहेब नुकतेच निवृत्त झालेत, तब्येत ठणठणीत आहे आणि जमीन घ्यायचा विचार चालू आहे.

छत्तीस वर्षं त्यांनी भूमापन खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या. सवय इतकी हाडात मुरलेली की मोजणीकाकूंनी पडदे शिवायला घेतले की हे आधी खिडकी मोजत, मग कापड मोजत, आणि मग काकूंकडे असं बघत, जणू त्याच दोन बोटं कमी भरल्यात. मोजणी चुकली असं त्यांना आजवर कुणी सिद्ध करून दाखवलं नव्हतं. ज्यांनी प्रयत्न केला, ते कंटाळून भाऊबंदकी मिटवून मोकळे झाले.

काकूंचे गुडघे मात्र गेले होते. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या चोपन्न. (मोजलेल्या आहेत.) काकू आता महिनोन्महिने खाली उतरत नसत. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर यायची आणि जगाची खबर भाजीवाल्याच्या ओरडण्यातून.

"मला दागिना नको, तीर्थयात्रा नको," काकू म्हणाल्या. "एकही पायरी नसलेलं घर द्या. दार उघडलं की जमीन. बास."

मागणी साधी होती. पण मध्ये साडू आला. साडू हा नात्यातला असा प्रकार आहे, की त्याच्याशी भांडण नसतं, नुसती शर्यत असते. साडूने डोंगरात बंगला बांधला होता आणि वर म्हणाला होता, "साहेब, तुमचं आयुष्य दुसऱ्याच्या जमिनीत दोरी ओढण्यात गेलं." त्याच क्षणी मोजणीसाहेबांना स्वतःचा देश अपुरा वाटायला लागला.

म्हणून विषुववृत्ताजवळचा एक उबदार देश, समुद्र, नारळीची झाडं आणि एक दलाल.

दलाल आपल्याकडचाच, पण बरीच वर्षं तिथे स्थायिक. मुख्य म्हणजे तो प्रामाणिक होता. हा धोका मोजणीसाहेबांनी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता.

साहेब एकटेच जमीन बघायला गेले. टेप, खुंट्या, हातोडी आणि टोपी असा सरंजाम घेऊन सकाळी नऊला हजर. दलालाने रस्त्यालगतचा एक प्लॉट दाखवला. लहान, उंचसखल, मध्ये एक खडक.

"काका, हा घ्या. घर बांधायला हाच बरा."

साहेबांनी हसू दाबलं. दलाल बोट दाखवतो त्याच्या उलट दिशेला चांगली जमीन असते, हे त्यांचं जुनं शास्त्र. त्यांनी उलट दिशेला पाहिलं. खाली, पाण्याच्या बाजूला, रंधा मारल्यासारखी सपाट जमीन चमकत पडली होती. ना खड्डा, ना दगड, ना झाड.

"आणि तो?"

"तोही विकायचाय. पण काका, तो तुमच्या कामाचा नाही."

"भाव?"

"कमीच आहे. त्याला कारणही—"

"कारण मला सांगू नकोस. मी मोजतो."

"संध्याकाळी एकदा येऊन बघा ना. माझं ऐका."

"आणि तोवर तू तो दुसऱ्याच्या गळ्यात घालशील."

दलालाने कपाळाला हात लावला. साहेबांनी त्याचा अर्थ लावला: चोरी पकडली गेली.

मोजत असतानाच काकूंचा व्हिडिओ कॉल आला.

"अहो, ती होडी अशी आडवी का पडलीय?"

"विसाव्याला पडलीय."

"जमिनीवर?"

"मग काय पलंगावर पडेल?"

"आणि तुमचे बूट चपचप वाजतायत."

"दव आहे."

"दहा वाजता?"

"परदेशात उशिरा पडतं," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. छत्तीस वर्षांत त्यांनी माणसं सरकताना पाहिली होती, कुंपणं सरकताना पाहिली होती, हद्दीचे दगड तर बायका माहेरी जाव्यात तसे शेजाऱ्याच्या शेतात जाताना पाहिले होते. पण खुद्द जमीन कुठे गेली नव्हती. ती जाईल हे त्यांच्या मनात येणार तरी कसं?

मोजणी झाली, आणि प्लॉट कागदापेक्षा चक्क तीन फूट जास्त भरला. साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हे दलालाला कळू द्यायचं नाही म्हणून त्यांनी दुपारीच करार उरकला, आणि स्वतःच्या हाताने एक कलम घातलं: "खरेदीदाराने जमीन जागेवर जाऊन स्वतः मोजली असून ती त्यास जशी आहे तशी मान्य आहे. पुढे कोणाचीही तक्रार चालणार नाही."

"कोणाचीही?" दलालाने विचारलं.

"कोणाचीही," साहेब म्हणाले, आणि त्याच्याकडे विजयी नजरेने बघत सही केली.

तिसऱ्या मजल्यावरचं घर विकून महिन्याभराने दोघं तिकडे पोहोचली. विमानतळावर काकूंसाठी चाकाची खुर्ची होती, तिच्यात बसून काकू राणीसारख्या हसल्या. दुपारी चार वाजता टॅक्सी किनाऱ्याला थांबली. साहेबांनी दार उघडलं, हात लांब केला आणि त्यांचा हात तसाच राहिला.

समोर समुद्र होता. आडवी पडलेली होडी उभी राहून छानपैकी डुलत होती.

"कुठेय?" काकूंनी विचारलं.

"तिथे."

"तिथे पाणी आहे."

"पाण्याखाली आहे. माप बरोबर आहे."

साहेबांनी पँट दुमडली, टेप काढला आणि पाण्यात शिरले. कमरेपर्यंत गेल्यावर त्यांना पहिली खुंटी सापडली. जागेवर, तसूभरही हललेली नाही. त्यांना क्षणभर अभिमान वाटला. मग पायाला एक मासा घासून गेला, अगदी घरच्यासारखा.

दुसऱ्या दिवशी दोघं जमीन कार्यालयात गेली. दलाल दुभाषा म्हणून आला, न बोलावता. खिडकीतल्या कारकून बाईंनी नकाशा शांतपणे पाहिला.

"बाई म्हणतात, जमीन आहे ना. रोज दोनदा वर येते," दलाल म्हणाला. "आधीचा मालक तिथे शिंपल्यातली कालवं पिकवायचा. फार छान यायची."

"तक्रार नोंदवायची आहे," साहेब म्हणाले.

बाईंनी करार उघडला आणि शेवटच्या कलमावर हळूच बोट ठेवलं. ते कुणी घातलं, हे दलालाने भाषांतर करून सांगितलं नाही. त्याचा प्रामाणिकपणा तेवढ्यापुरता गप्प बसला.

"बाई म्हणतात, तुमच्यासारखी अचूक मोजणी त्यांनी पाहिलेली नाही. आणि घर बांधता येईल, खांबांवर. भरतीच्या वर काढायचं."

"बघ!" साहेब काकूंकडे वळले. "निघालाच मार्ग!"

"वर चढायचं कसं?" काकूंनी विचारलं.

दलालाने खाली पाहत विचारून घेतलं. "जिना. सव्वीस पायऱ्या. शेवाळ धरतं, म्हणून कठडा धरून चढायचं."

काकूंनी पर्स उघडून परतीचं तिकीट आत नीट आहे ना ते पाहिलं.

"मी ताईकडे जाते," त्या म्हणाल्या. ताई म्हणजे साडूची बायको. "तिच्याकडे तळमजला आहे. जमीन एका जागी बसायला लागली की कळवा, मी येते."

"अगं, पण मोजणी चुकलेली नाही!"

"नाहीच चुकली. तुमच्या बापजन्मात चुकायची नाही," काकू म्हणाल्या आणि दलालाचा हात धरून सावकाश टॅक्सीकडे निघाल्या.

साहेब कार्यालयाच्या बाकावर बसले. त्यांनी पाठपुराव्यात कधी हार मानली नव्हती. कोरा कागद मागून घेतला, समास सोडला आणि वळणदार अक्षरात लिहायला घेतलं:

प्रति, मा. बंदर अधिकारी यांस.
विषय : भरतीची पातळी कमी करून मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराच्या मालकीच्या जमिनीवर समुद्र दिवसातून दोन वेळा विनापरवाना प्रवेश करीत असून त्यामुळे अर्जदाराच्या पत्नीस पायरीविरहित घर देणे अशक्य झाले आहे. तरी भरतीची पातळी चार फूट दोन इंचांनी कायमस्वरूपी खाली घेण्यात यावी. तांत्रिक अडचणींमुळे ते शक्य नसल्यास, अर्जदाराच्या पत्नीचे गुडघे विचारात घेऊन, समुद्राने किमान सकाळी सात ते रात्री दहा या वेळेत हद्दीबाहेर थांबावे, अशी त्यास लेखी समज देण्यात यावी व तिची एक प्रत अर्जदाराच्या साडूंना माहितीसाठी पाठवावी, ही विनंती.