वाढत्या अंगाचा फ्रॉक

किहीमच्या अलीकडच्या वाडीत सोनूबाईंच्या गोधड्यांचं मोठं नाव होतं, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. नव्या कापडाला त्या हात लावत नसत. नवं कापड कडक, सुईला जुमानत नाही आणि अंगाला टोचतं, हे त्यांचं ठाम मत. बोहारीण दारावरून गेली तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. एका स्टीलच्या पातेल्यासाठी बायका मऊसूत लुगडी देऊन टाकतात म्हणजे काय, असं त्या येईल-जाईल त्याला ऐकवायच्या.

त्या खरी वाट बघायच्या ती दिवाळीच्या आधी येणाऱ्या गोणीची. मुलगा अल्पेश ट्रेलरच्या धंद्यासाठी गांधीधामला गेला आणि तिकडचाच होऊन बसला. येतो येतो म्हणत वर्षं गेली. तो काही आला नाही. यायची ती त्याच्या घरातल्या जुन्या कपड्यांची गोणी. त्याच्या ट्रेलरवरचा ड्रायव्हर धर्मा वाडीतलाच, तो सणाला घरी येताना घेऊन यायचा. गोणीत अल्पेशचे शर्ट असायचे, सुनेचे ड्रेस असायचे. ते बाजूला सारून सोनूबाई आधी नातीचा, राहीचा फ्रॉक शोधायच्या. तो आपल्या गळ्याशी धरून बघायच्या. पूर्वी तो जेमतेम पोटापर्यंत यायचा, गेल्या साली कमरेखाली उतरला होता. मग त्यातली एक पट्टी कापून राहीसाठी ठेवलेल्या गोधडीला जोडायची. व्हिडिओ कॉल व्हायचे, नाही असं नाही. पण फोनवर चेहरा दिसतो, पोरगी केवढी झाली ते दिसत नाही.

यंदा धर्माने गोणीऐवजी खोका आणला. आत कोरं कापड, फुलाफुलांचं, घडीवर घडी. वर रंगीत रिळं. तेवढ्यात सुनेचा, हेमालीचा फोन आला.

“आई, आवडलं का? किती वर्षं आमच्या चिंध्या जोडत बसणार तुम्ही? जुने कपडे मी इथेच देऊन टाकले. आता मस्त नवीन कापडाच्या गोधड्या शिवा.”

“छान हाय गो,” सोनूबाई म्हणाल्या.

सून मनाने चांगली, तिला बोलणार तरी काय? वापरून टाकलेलंच पाठव, असं सासूने सुनेला कुठल्या तोंडाने सांगायचं? फोन ठेवून त्या खोक्यासमोर बसून राहिल्या. एवढं कापड, आणि त्यात राहीच्या अंगाला लागलेला एक धागा नाही. त्यांचा जीव तुटला.

धर्मा पडवीत चहा पीत होता. सोनूबाई बाहेर आल्या.

“तू जातोस ना रं त्यांच्या घरी?”

“जातो की काकी. निघायच्या आधी तिथंच जेवलो.”

“राही कवरी झाली?”

“लय मोठी झाली.”

“मोठी म्हंजे कवरी? उभा रहा नि दाखव.”

धर्मा उभा राहिला. हात पोटाशी धरला, मग जरा विचार करून वर नेला. “इथपर्यंत. न्हाय, इथं. गाडीची चावी द्यायला आली तवा इथं लागत होती.”

सोनूबाईंनी टेप आणली आणि त्याच्या तळव्यापासून जमिनीपर्यंत सोडली. माप घेऊन झालं, तरी धर्माला त्यांनी हात खाली घेऊ दिला नाही. पुढे होऊन त्याच्या तळव्याखाली आपला हात नेला आणि राहीचं डोकं जिथे असेल तिथे अलगद टेकवल्यासारखा धरला. धर्मा अवघडला, पण हलला नाही.

“त्या खोक्यातल्या कापराचा फ्रॉक शिवतंय मी,” त्या म्हणाल्या. “जरा वाढत्या अंगाचा. जाताना घेऊन जा. हेमालीला सांग, ठेवणीत टाकू नको म्हनावं. रोज घालू दे, मातीत खेळू दे. पार विरला की मंग गोदरीला पट्टी निघंल.”

“सांगतो. पुढल्या दिवालीला मीच घेऊन येतो, काकी.”

“तू नको आणूस,” सोनूबाई म्हणाल्या. त्यांचा हात अजून तिथेच होता. “तिच्या अंगावरच येऊ दे.”