पातळ थर, मंद आच

कुटुंबाचा पाया परस्परविश्वास हा असतो, आणि तो विश्वास सगळ्यांनी मिळून केलेल्या साध्यासुध्या कामांतून वाढीस लागतो. हे वाक्य दादाने रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवलं. आत वहिनीच्या हातात सुरी होती, म्हणून तो दारातच उभा राहिला होता.

वाक्याखाली कृती होती. सफरचंदं आणि नासपती शिजवायची, मिक्सरमधून काढायची, तो गर ट्रेमध्ये पातळ पसरायचा, ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर वाळवायचा आणि कात्रीने पट्ट्या कापून त्यांच्या गुंडाळ्या करायच्या. मुलं आवडीने खातात, म्हाताऱ्या माणसांना चावता येतात, वरून साखरही लागत नाही. घरात मूल एकच, माझी पुतणी. तिला आम्ही ठिणगी म्हणतो आणि ती तेरा वर्षांची असल्यामुळे तिला सध्या काहीच आवडत नाही. म्हातारं माणूसही एकच, आमची आई, आणि तिला ते मान्य नाही. तरी दादाने पिशव्यांचे बंद तुटेपर्यंत फळं आणली होती आणि मलाही फोन करून बोलावून घेतलं होतं.

"घरातली सगळी असली की मजा येते," तो म्हणाला.

मजेचं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनी एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. इतकी वर्षं ती लोकांना "श्वास रोखा" आणि "सोडा" एवढंच सांगत आली. गेल्या बुधवारी तिला एका नव्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं. एक्स-रे विभागाची प्रमुख म्हणून या, रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर आम्ही दुसऱ्या कुणाला तरी विचारतो. बुधवारी रात्री जेवताना ती हे सांगायला लागली. तिची दोन वाक्यं झाली आणि दादाने हात वर केला. म्हणाला, "रविवारी शांतपणे बोलू."

गुरुवारी त्याने आईला सांगितलं की ही निघाली. शुक्रवारी आईने मला सांगितलं की दादाचा संसार मोडतोय. दादाच्या कारखान्यातल्या हिशेबनिसाची बायको अशीच बढती मिळून परगावी गेली होती आणि तेव्हापासून तो माणूस डब्यात नुसती बिस्किटं आणतो. दादाच्या डोळ्यांपुढून ती बिस्किटं हलत नव्हती.

आता आमच्या घरचा नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. खाण्याच्या वस्तूला हात लागलेला असताना आमच्याकडे भांडायचं नसतं. भांडण पदार्थात उतरतं आणि पदार्थ बिघडतो, असं आई म्हणते. पूर्वी एकदा बाबा तिच्यावर ओरडले आणि पातेल्यातला जॅम करपला, हा तिचा पुरावा. त्या वेळी पातेल्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, ही बाब पुराव्यात धरलेली नाही. पण नियम म्हणजे नियम. पदार्थाला हात लागल्यापासून तो तयार होऊन बाजूला ठेवेपर्यंत घरात कुणी वाकडा शब्द काढायचा नाही. या नियमामुळे आम्हा भावांचं बालपण शांततेत गेलं आणि आम्ही दोघंही बरेच जाड झालो.

वहिनीने मोबाइल दादाच्या हातातून घेतला, कृती वरपासून खालपर्यंत वाचली आणि एका ओळीवर थांबली.

"वाळायला आठ तास?" तिने विचारलं.

"मंद आच असते ना," दादा म्हणाला. "घाई केली की वरून कडक होतं आणि आत चिकट राहतं."

"म्हणजे संध्याकाळ होणार."

"होऊ दे की. रविवारच आहे."

मी दादाला लहानपणापासून ओळखतो. तो कारखान्यात पंप तपासतो. पंप गळतोय का एवढंच बघायचं आणि गळत असेल तर घट्ट आवळायचं, हे त्याचं काम. त्याला जगातल्या सगळ्या खाऊंमधून नेमका आठ तासांचा खाऊ सापडावा, हा योगायोग नव्हता. वहिनीनेही तेच ओळखलं. तिने मोबाइल परत दिला, पहिलं सफरचंद घेतलं आणि ते असं उभं चिरलं की सुरी पाटात रुतून बसली.

"तुम्ही सालं काढता का," ती म्हणाली.

वहिनी दादाला एरवी अरे-तुरे करते. ती अहो-जाहो करायला लागली की शहाण्या माणसाने काहीतरी विसरलंय म्हणून बाहेर जावं. दादाने सालकाढणी घेतली आणि तो स्टुलावर बसला.

नियम पाळत भांडायची एक पद्धत आमच्याकडे आपोआप तयार झालेली आहे. फळांबद्दल बोलायचं.

"सालासकट शिजवलेलं बरं," आई म्हणाली. ती खुर्चीत बसून बिया वेगळ्या करत होती. "साल सोडून गेलं की आतलं लगेच काळं पडतं."

"साल काढलं नाही तर घशात अडकतं, आई," वहिनी म्हणाली. "कित्येक वर्षं अडकतं."

"आमच्या वेळी नाही कधी अडकलं."

"तुमच्या वेळी कुणी सांगितलं नसेल."

दादाने मान खाली घालून एका नासपतीचं इतकं साल काढलं की नासपती उरली नाही. मी लिंबू पिळत होतो. बिया पडायला लागल्या तेव्हा वहिनीने लिंबू माझ्या हातातून काढून घेतलं.

"भाऊजी, तुम्ही फक्त उभे राहा. ते तुम्हाला जमतं."

याचा अर्थ माझ्याही लक्षात आला. गेल्या चार दिवसांत मीही तिला फोन केला नव्हता. आईकडून ऐकलं आणि आईशीच हळहळलो होतो. माझ्याही तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती कुणावर काढावी ते कळेना, म्हणून मी लिंबाच्या बिया वेचत बसलो.

फळं शिजली. वहिनीने ती मिक्सरमध्ये घातली आणि झाकणावर हात दाबून मिक्सर इतका वेळ चालवला की शेजारच्या बाई दार वाजवून विचारून गेल्या, काही दुरुस्ती चाललीये का. हो, असं ठिणगीने त्यांना सांगितलं.

गर ट्रेमध्ये पडला. दादाने कारखान्यातून आणलेली लेव्हल काढली, ती ज्यात पाण्याचा बुडबुडा असतो ती, आणि ट्रे ओट्यावर सरळ आहे का ते बघितलं. थर सगळीकडे सारखा हवा, असं तो म्हणाला. मग पळीच्या पाठीने गर पसरत राहिला. इतक्या मायेने मी त्याला कधी काही करताना पाहिलं नव्हतं. ठिणगी शेजारी उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

"बाबा, हे सगळं आईला बोलू द्यायचं नाही म्हणून चाललंय ना?"

"ठिणगे, गराला हात लागलाय," आई म्हणाली.

"माझा नाही लागलेला."

"घरातल्या कुणाचाही लागला की झालं."

ओव्हन आमच्या बाबांच्या काळातला. त्याचा आतला दिवा कधीच गेलाय आणि दाराची काच बाहेरून पुसली तरी आतून धुरकटच असते. कृतीत सांगितल्याप्रमाणे वाफ जायला दार थोडं उघडं ठेवायचं होतं, म्हणून दादाने दारात लाकडी चमचा अडकवला. पहिला ट्रे आत गेला. उरलेल्या गरात नासपतीच्या गुठळ्या राहिल्या आहेत असं दादाला वाटलं, तेव्हा तेवढा गर परत मिक्सरमधून काढण्यात आला. मग दुसरा ट्रे आत गेला आणि आम्ही सगळे वाट बघायला लागलो.

असा दिवस मी शत्रूवरही येऊ देणार नाही. स्वयंपाकघरात पाच माणसं, कुणी उठायला तयार नाही, कारण जो उठून बाहेर जाईल त्याच्यामागे इतरांनी काय ठरवलं ते त्याला कळणार नाही. दर थोड्या वेळाने कुणीतरी ओव्हनपाशी जायचं. दादा दारापुढे तळहात धरून म्हणाला, "आच बरोबर आहे." आई म्हणाली, "जरा जास्तच वाटते," आणि तिने बटण थोडं मागे फिरवलं. ती वळल्यावर दादाने ते पुढे केलं. मी एकदा उगाच वाकून आत बघितलं आणि "रंग धरतोय" असं म्हणालो. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

वहिनी खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी होती. घड्याळाकडे बघत नव्हती. आम्ही बघत होतो. दादा तर घड्याळाकडे असा बघत होता, जसा पंप गळायचा थांबलाय याची खात्री करून घेताना बघत असेल. उन्हं भिंतीवरून खाली आली. दादाचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. अजून थोडं रेटलं की संध्याकाळ होणार होती, नवं हॉस्पिटल दुसऱ्या कुणाला तरी विचारणार होतं आणि मग शांतपणे बोलायला उभा जन्म पडला होता.

शेवटी आईला राहवेना. तिने दार उघडून ट्रेमध्ये बोट टेकवलं. बोट बुडालं.

"अगं बाई," ती म्हणाली. "हे तर सकाळी होतं तसंच आहे."

दादा उठला. त्याने बोट बुडवलं. मग मी बुडवलं. गर गार होता. ट्रे गार होता. ओव्हनच्या आतली जाळी गार होती. ठिणगी ओट्याच्या कोपऱ्यापाशी गेली आणि तिने भिंतीकडे बोट दाखवलं. स्वयंपाकघरात प्लग लावायची जागा एकच आहे. तिथे मिक्सर लावलेला होता. ओव्हनची वायर खाली लोंबत होती.

"गुठळ्या काढायच्या म्हणून काढलेला प्लग," ठिणगी म्हणाली. "परत कुणी लावलाच नाही."

"तू का नाही सांगितलंस?" दादाने विचारलं.

"तुम्ही म्हणालात आच बरोबर आहे. काका म्हणाले रंग धरतोय. मला वाटलं, मोठ्या माणसांना दिसत असेल."

वहिनीने हाताची घडी सोडली.

"म्हणजे दुपारपासून इथे काही शिजत नाहीये आणि काही वाळत नाहीये," ती म्हणाली. "आई, नुसता ठेवलेला गर पदार्थात धरायचा का?"

आईने विचार केला. आईचं एक आहे, नियमाच्या बाबतीत ती प्रामाणिक आहे.

"नाही धरता यायचा," ती म्हणाली. "आच नाही म्हणजे पदार्थ नाही."

"मग आता बोलते." वहिनीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "बुधवारी मी बोलायला लागले. दोन वाक्यं झाली. तिसरं तुम्ही ऐकलं नाहीत. तिसऱ्या वाक्यासाठी मी चार दिवस थांबले. या घरात माझ्याबद्दल सगळे सगळ्यांशी बोलले. भाऊजी आईंशी बोलले, आई तुमच्याशी बोलल्या, तुम्ही त्या बिस्किटवाल्याशी बोललात. माझ्याशी कोण बोललं? सफरचंद बोललं."

"तसं नाही गं," दादा म्हणाला.

"तसंच आहे. लेव्हल आणलीत तुम्ही. गर सरळ पसरला का ते बघायला कारखान्यातून लेव्हल आणलीत. माझं अभिनंदन करायला बुधवारपासून तोंड उघडलं का?"

दादाचा चेहरा लाल झाला. त्याच्याही आत चार दिवसांचं साचलेलं होतं.

"कसलं अभिनंदन? तू घर सोडून चाललीस त्याचं? ठिणगीची शाळा, आईचे गुडघे, माझ्या पाळ्या, हे सगळं कोण बघणार याचा विचार केलास? आठवड्यातून एकदा पिशवी घेऊन पाहुण्यासारखी येणार तू. मी जागच्या जागी नको म्हणू शकलो असतो. तसं म्हणालो नाही. काहीतरी मिळून करू या म्हणालो. त्यात माझं काय चुकलं?"

"नको म्हणाला असतास तरी चाललं असतं," वहिनी म्हणाली. रागाच्या भरात ती परत अरे-तुरेवर आली होती. "भांडले असते मी. तू मला भांडूसुद्धा दिलं नाहीस. वर आईंचा नियम वापरलास. निदान स्वतःचा तरी एखादा नियम काढायचास."

"माझा नियम कशाला मध्ये आणताय," आई म्हणाली, पण दादाकडे बघून म्हणाली. "मी तो जॅमसाठी केला होता. बाईचं तोंड बंद करायला नव्हता केला. लाज वाटते का रे तुला?"

दादाला वाटली नसावी, कारण तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आता उशीर झालाय ना पण."

यावर वहिनीने फोन उचलला. आमच्या सगळ्यांसमोर नंबर लावला, दोन पावलंही बाजूला गेली नाही. "हो, मीच बोलतेय. माझं हो आहे. एक तारखेला येते," असं म्हणून फोन ओट्यावर ठेवला, गराच्या पळीशेजारी. आपण श्वास रोखून धरला आहे हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. तिने काही सोडायला सांगितलं नाही.

दादाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. आईने पदर डोळ्यांना लावला, नक्की कुणासाठी ते सांगता येणार नाही. मी ओव्हनचा प्लग लावला, कारण तेवढंच करण्यासारखं होतं.

ठिणगीने ट्रेमधला गर चमच्याने उचलून तोंडात टाकला.

"आई, पण तू जाणार कुठे?"

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने खुर्ची ओढली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच बसली.

नवीन हॉस्पिटल तिच्या आत्ताच्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत आहे. बसचा स्टॉप तोच.