निळ्या कानांचा उसळ्या

मुलांच्या दवाखान्याची भिंत रंगवून मी आणि ताई शिडीवरून उतरलो, तोच मुकादम किंचाळला, "हे काय करून ठेवलंय?"

भिंतीवर उसळ्या होता. आमच्या लहानपणी दर रविवारी टीव्हीत धुमाकूळ घालणारा ससा. पाय हिरवे, पोट नारिंगी, कान निळेशार. ताईने छतापर्यंत उडवला होता त्याला.

मुकादमाने फोन आमच्या नाकापुढे नाचवला. "बघा, पांढरा आहे! ससा आहे तो, सरडा नाही!"

फोनवर खरोखरच उसळ्या होता, आणि पांढराफटक होता.

आमचा टीव्ही कृष्णधवल. शेजाऱ्यांकडे रंगीत आला तेव्हा आम्ही भावंडांनी रडून घर डोक्यावर घेतलं. बाबांनी बाजारातून पारदर्शक प्लास्टिकचा एक कागद आणून टीव्हीच्या काचेवर चिकटवला. वर निळा पट्टा, मधे नारिंगी, खाली हिरवा. झाला रंगीत टीव्ही! उसळ्या जमिनीवर हिरवा, उडाला की नारिंगी, ढगात शिरला की निळा. आम्हाला ती त्याची जादू वाटायची. बातम्या देणाऱ्या बाईंचे केस निळे, तेही आम्ही बिनतक्रार मान्य केलं होतं. हे सांगितलं की शहाणे लोक हसतात. हसा लेको. तुमचा ससा जन्मभर एकाच रंगाचा राहिला, त्याला मी काय करू?

पण उद्या उद्घाटन होतं. मी पुटपुटलो, "ताई, करून टाकू पांढरा."

"ब्रशला हात तर लाव, बादलीत बुडवते तुला!"

"मग मीच पुसतो," म्हणत मुकादमाने पांढऱ्या रंगाचा रोलर उचलला. ताई धावली आणि ओल्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "आधी मला रंगवा!"

नेमक्या तेव्हाच डॉक्टरीणबाई आत आल्या. दवाखाना त्यांचा, भिंत त्यांची. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. खांद्यावरची पर्स घसरून धप्पकन पडली.

"अगं बाई! उसळ्या! कागदातला उसळ्या!"

"तुमच्याकडेही कागद होता?" ताई ओरडलीच.

"होता म्हणजे? आजोबांनी चिकटवलेला! कुणी बोट लावलं तर धपाटा!" आणि बाईंनी सुरुवातीचं संगीत तोंडाने वाजवायला घेतलं. ताईने लगेच ताल धरला, मी ढोल झालो. तिघंही भर दवाखान्यात टणाटण उड्या मारत होतो. मुकादमाच्या रोलरमधून पांढरा रंग त्याच्याच बुटावर ठिबकत होता.

बाई एकदम थांबल्या. कपाळाला आठ्या. "पण हा उलटा काढलाय तुम्ही. जमिनीवर निळा असायचा. उडाला की हिरवा."

"आजोबांनी कागद उलटा लावला असणार, बाई. आकाश हिरवं असतं का कुठे?" ताई म्हणाली.

"आमच्या आजोबांना नावं ठेवू नका हं! उलटा तुमच्या बाबांनी लावला!"

"अहो, मुळात ससा पांढरा..." मुकादम म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा!" दोघी एकदम कडाडल्या.

बाईंनी पर्स उचलली आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बोट रोखलं. "या उसळ्याला कुणी हात लावायचा नाही. तिथे माझा काढा. उद्याच्या आत. मग पोरं ठरवतील कुठला खरा."

"काढते की," ताई म्हणाली. तिच्या पाठीवर नारिंगी पोट उमटलं होतं. "पण ठरल्यावर रडायचं नाही."

मी हिरव्याचा डबा उचलला आणि शिडीवर चढलो, थेट वरच्या टोकाला.