पेटीतल्या चिठ्ठ्या

“खाली पाहून चाल वं, वच्छे.” कामठीच्या विडी कारखान्याच्या दारात मनकर्णाआत्या असं म्हणायची, तेव्हा वच्छला आठ वर्षांची होती. आत विड्या मोजून घेणारा मुनशी बायकांना नाही नाही ते बोलायचा. आत्या मान न उचलता पानं कापत राहायची. कात्री तेवढी जोरात चालायची.

तीस वर्षांनी, नागपूरच्या सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलाशी बसलेल्या वच्छलाला आत्याचा तो आवाज सकाळपासून छळत होता. पाकीट उघडावं, पुन्हा मिटावं. उठावं, माठापर्यंत जावं, पाणी न पिताच परतावं.

शनिवारी कचेरीचं स्नेहसंमेलन झालं होतं. फिशपाँडच्या पेटीत कुणीही बिननावाची चिठ्ठी टाकावी, ती माइकवर वाचली जावी, ज्याच्यावर असेल त्यानं हसून घ्यावं, ही दरवर्षीची रीत. यंदा पाच चिठ्ठ्या एकट्या चारुशीलेवर निघाल्या. नवी टायपिस्ट, बावीस वर्षांची पोर. तिच्या पदरावर, तिच्या चालीवर, साहेबांच्या खोलीत तिला किती वेळ लागतो त्यावर. मंडप खदखदला. पोर उठून गेली.

वाचलेल्या चिठ्ठ्या गोळा करून पाकिटात ठेवायचं काम वच्छलाकडे होतं. हातात घेताच तिची नजर अक्षरावर गेली. अकरा वर्षं कचेरीतला एकेक कागद तिच्या बोटांखालून गेलेला. हे अक्षर तिनं अंधारातही ओळखलं असतं. हेडक्लार्क भैय्याजींचं. तिच्या बढतीचा कागद महिनाभरापासून ज्यांच्या टेबलावर पडून होता, त्यांचं. ती घरी गेली, कुणाला बोलली नाही.

आज सोमवारी टाइपरायटरच्या कव्हराखाली सहावी चिठ्ठी निघाली. पहिल्या पाचांहून घाण. चारुशीला ती घेऊन थेट साहेबांकडे गेली.

दुपारी जावक क्रमांक घालायला वच्छलाला आत बोलावलं. समोर चारुशीलेच्या बदलीचा आदेश, शेजारी ती सहावी चिठ्ठी, त्याच अक्षरातली. बाजूला भैय्याजी, पान चघळत; दाराशी चारुशीला.

“चिठ्ठीवर सही थोडीच आहे?” साहेब म्हणाले. “नाव कुणाचं घेऊ मी?”

“मजाक होती जी साहेब,” भैय्याजी हसले. “काटोलच्या हापिसात जागा खाली हाय. संत्री खाईन पोरगी, डोकं थंड होईन.”

“मी काहून जाऊ काटोलले?” चारुशीला टेबलापाशी आली. “मी काय केलं? बाबा तं म्हणून राहिले, नोकरीच सोड.”

साहेबांनी सही केली, कागद पुढं सरकवला.

“नंबर घाला, वच्छलाबाई.”

तिनं शिक्का उचलला. शिक्का तिनं परत खाली ठेवला.

“नाही घालत मी, साहेब.”

“म्हणजे?”

“हे अक्षर भैय्याजीचं हाय. सहाच्या सहा चिठ्ठ्या त्यांच्या. जावकच्या फायली आणतो, ताडून पाहा.” भैय्याजींचं चघळणं थांबलं. वच्छला चारुशीलेकडे वळली. “मी शनिवारीच ओळखलं होतं वं पोरी. माह्या बढतीपायी चूप बसली.”