एका बटणाची एकोणीस मिनिटं

टुणकन काहीतरी फरशीवर पडलं आणि घरंगळत शिलाई मशीनखाली गेलं. भरपाईच्या कागदावर शिंपिणीची सही घ्यायला आलेला विमा कंपनीचा तरुण साहेब ओशाळला. त्याच्याच कोटाचं बटण होतं ते.

"काढा कोट, लावून देते," शिंपीण म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

चार महिन्यांपूर्वी एका मोटारीनं तिच्या स्कूटरला धडक दिली होती. उजव्या अंगठ्याचं हाड जुळलं, पण पकड गेली ती गेलीच. साहेबाच्या कागदावर मात्र 'किरकोळ इजा' एवढंच होतं आणि खाली किरकोळाला शोभेलशी रक्कम. सही तेवढी बाकी होती.

"राहू द्या हो ताई."

"राहू द्या कसं? माझ्या घरातून बिनबटणाचा माणूस बाहेर पडला, तर गल्लीत तोंड कसं दाखवू?"

सासूबाई तिच्या कानाशी लागल्या. "सुई दिसली की चेव येतो हिला! अगं, निदान कण्ह तरी जरा."

"खोटं कशाला कण्हू?"

खरं तर तिला झटक्यात लावून दाखवायचं होतं. पूर्वी गप्पा मारता मारता मिनिटात व्हायचं काम. आता दोरा ओवायलाच चार मिनिटं गेली. सुई कापडात शिरे, पण बाहेर ओढताना चिमटीतून निसटे. शेवटी ती दातांनी ओढू लागली. सात वर्षांची लेक लोहचुंबक घेऊन फरशीवर रांगत होती.

"आई, सुई पाचव्यांदा पडली!"

"मोजू नकोस गं बये!"

सगळेच हसले, साहेबसुद्धा. मग त्यानं घड्याळ पाहिलं आणि तो हसायचा थांबला.

अखेर तिनं कोट पुढे केला. त्यानं बटण ओढून पाहिलं. हललं नाही.

"ते नाही निघायचं," ती घाम पुसत म्हणाली. "दिवसाला तीन शर्ट शिवायची मी. आता सांगा, हे किरकोळ?"

साहेबानं तो शब्द खोडला. वर लिहिलं : एक बटण, एकोणीस मिनिटं. मग वरिष्ठांना फोन लावला. "डॉक्टरांचं पत्र आहेच हो. पण मी समोर बसून पाहिलंय. तिप्पट द्यायलाच हवेत... नाही साहेब, त्याहून कमी रकमेवर मी त्यांना सही करा म्हणणार नाही."

त्यानं फोन खाली ठेवला.

"हो म्हणाले," तो म्हणाला, आणि त्याचाच चेहरा आधी फुलला.

नवा आकडा तिनं दोनदा वाचला. हाताखाली एखादी बाई ठेवता येईल, अंगठ्याचे उपचारही पुरे होतील. तिनं सही केली. वेडीवाकडी आली.

"असू दे वाकडी, आपलीच आहे," म्हणत सासूबाई खिडकीकडे धावल्या, शेजारणीला हाक मारायला.

लेकीनं आईचा अंगठा अलगद मुठीत धरला.

"आई, हा बिघडला म्हणून पैसे मिळाले ना? मग आता हा बरा व्हावा म्हणायचं, की नको म्हणायचं?"